आनंदीबाईंची तयारी

आज आपल्याकडील कितीतरी विद्यार्थी आणि विद्यार्थिनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात. प्रवेश मिळाला, पारपत्र हाती आले, तिकीट काढले आणि गरम कपडे पेटीत भरले, की त्यांची बहुतेक तयारी पुरी होते. परंतु एक काळ असा होता, की समुद्र ओलांडणे हेच पाप समजले जाई. मग एखाद्या स्त्रीने एकटीने परदेशी जाऊन विद्या संपादन करावी, हा विचार तर कोणाच्या स्वप्नातही येत नसे. अशा काळी एका मराठी मुलीने ही तयारी केली. ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. कल्याणच्या गणपतराव जोशी यांची ही कन्या. माहेरचे तिचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, तिचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. ते वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे, स्वभावाने तापट आणि विचारांनी विक्षिप्त वाटावे असे होते. आपल्या पत्नीने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्यांची शिकवण्याची शिस्त कडक असे. पुष्कळदा ती निष्ठुरही होई. अभ्यासात कुचराई झाली, तर लहानग्या आनंदीला मारही खावा लागे. पुढे मात्र शिक्षणाची गोडी तिला आपोआपच लागली.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाईंची शाळाही गावोगाव हिंडली. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि शेवटी कलकत्ता. मुंबईस त्या मिशनच्या शाळेत जात. हाती पुस्तके घेतलेली सौभाग्यवती स्त्री रस्त्याने पायी चाललेली पाहून लोक थबकत, हसत आणि नाही नाही ते बोलत. हे सारे सोसूनही त्यांची पावले शाळेची वाट सोडीत नसत.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. परंतु तो अवघे दहा दिवस जगला. हा घाव त्यांच्या मनावर फार खोल झाला. आपल्या देशात स्त्रियांना आणि त्यांच्या तान्ह्या मुलांना योग्य वैद्यकीय मदत मिळत नाही, हे त्यांना स्वानुभवाने कळले. त्या काळच्या स्त्रिया पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे उघड करण्यास लाजत. कित्येक जणी उपचारावाचून प्राण सोडीत. परंतु बोलत नसत. ह्यावर उपाय एकच: स्त्रियांनी वैद्यकी शिकली पाहिजे. आपण डॉक्टर व्हायचे, असा निश्चय आनंदीबाईंनी केला.

पण जायचे कोठे आणि कोणाच्या आधाराने? कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले होते. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास मदत करू, असा उत्तराचा रोख होता. ती अट पतिपत्नींनी मान्य केली नाही. तेथेच हे प्रकरण संपले असते. परंतु हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला आणि १८८० साली तो अंक थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या दृष्टीस पडला. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या या बाई दंतवैद्याकडे गेल्या असता, तेथे बसल्या बसल्या त्यांनी तो सहज चाळला होता. विद्येसाठी तळमळणाऱ्या त्या अनोळखी मुलीबद्दल त्यांच्या मनात माया उपजली आणि त्यांनी तिला पत्र लिहिले. पुढे पत्रांमागून पत्रे गेली व आली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. अशा रीतीने बोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वीच त्यांनी परक्या देशात एक घर जोडले.

दोघांनी मिळून जावे, असा प्रथम बेत होता. परंतु गोपाळरावांवर वृद्ध आई आणि धाकटी भावंडे यांचा भार होता. नोकरी सोडून जाणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा आनंदीबाईंनी एकटीनेच जावे, असे ठरले. ही वार्ता पसरताच टीकेचे मोहोळ उठले. कोणी हसले, कोणी भीती घातली, कोणी वाळीत टाकण्याची भाषा केली. त्या वेळी हे दांपत्य कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी श्रीरामपूर येथे राहत होते. लोकांच्या मनातील शंकांना तोंड चुकवून जाणे आनंदीबाईंना आवडले नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्या सभेपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी इंग्रजीतून भाषण केले.

लोक आपणास जे सहा प्रश्न विचारतात, तेच त्यांनी स्वतः मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेस का जाता? तर हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे म्हणून. येथे शिकण्याची सोय नाही काय? मद्रासेस थोडी सोय आहे. परंतु ती अपुरी आहे आणि शिकणाऱ्या स्त्रीस रस्तोरस्ती जो उपहास सोसावा लागतो, तो आपण भोगला आहे. एकटीच का जाता? पतीवर घराचा भार आहे आणि त्यासाठी आपले कर्तव्य थांबून राहू नये. परत आल्यावर जातीबाहेर टाकतील, त्याचे काय? आपण तेथे हिंदू म्हणूनच राहणार, आपला आहार व पोशाख बदलणार नाही. मग बहिष्काराची भीती कशाला? संकट आले तर? संकटे घरी बसल्यानेही टळत नाहीत. आणि जे कोणा स्त्रीने केले नाही, ते तुम्ही का करावे? कारण जे काम अनेकांच्या हिताचे आहे, ते कोणीतरी प्रथम केलेच पाहिजे. ही उत्तरे देणारी वक्ती अद्याप अठरा वर्षांची झाली नव्हती!

आता उरला पैशाचा प्रश्न. वडिलांनी दिलेल्या सोन्याच्या बांगड्या आनंदीबाईंनी विकल्या. भाषणाने प्रभावित झालेल्या काही लोकांनीही वर्गणी दिली. पोशाखाचाही विचार झाला. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. तेव्हा अमेरिकेच्या थंडीत गुजराती पद्धतीने साडी नेसावी, असे त्यांनी ठरवले. पोशाख देशी राहिला. केवळ नेसण्याची तऱ्हा बदलली.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या स्वदेशी परतणाऱ्या मिशनरी बाईंच्या सोबतीने आगबोटीत बसल्या. जवळजवळ दोन महिन्यांच्या खडतर प्रवासानंतर ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. आजवर केवळ अक्षरांतून भेटलेल्या कार्पेंटर मावशी धक्क्यावर त्यांना न्यावयास आल्या होत्या. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथील प्रमुख रेचेल बॉडले यांनी त्यांना आधार दिला. शिक्षणासाठी शिष्यवृत्तीही मिळाली. कडाक्याची थंडी, परका आहार आणि मुळातच नाजूक प्रकृती यांच्याशी झगडत आनंदीबाईंनी तीन वर्षे अभ्यास केला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित होत्या.

कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु परदेशात जडलेल्या क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या. ठरल्याप्रमाणे हिंदू म्हणून गेल्या, तशाच हिंदू म्हणून आल्या. कोणी त्यांना वाळीत टाकले नाही; उलट लोकांनी अभिमानाने त्यांचे स्वागत केले. पण नेमणुकीच्या जागी रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी त्यांना बाविसावे वर्ष चालू होते. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेस पाठविण्यात आली आणि त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती जतन करण्यात आली.

ज्या रुग्णांसाठी आनंदीबाई सातासमुद्रापलीकडे गेल्या, त्यांतील एकीचीही सेवा आपल्या रुग्णालयात करण्याची संधी त्यांना लाभली नाही. मग त्यांचे कष्ट वाया गेले काय? तसे म्हणता येणार नाही. श्रीरामपूरच्या सभेत ज्या प्रश्नांना त्यांना एकटीने तोंड द्यावे लागले, ते प्रश्न पुढच्या मुलींसाठी तितके अवघड राहिले नाहीत. दूरच्या वाटेला निघताना पेटीत काय भरले याला महत्त्व आहेच. पण आपण कशासाठी निघालो, हे दहा जणांपुढे निर्भयपणे सांगता येणे, ही त्याहून मोठी तयारी होय.