कानातली चाळणी

समजा, तुम्ही रशियनच्या क्लासला बसलाय. मॅडम दोन शब्द म्हणतात. एकाचा अर्थ ‘भाऊ’, दुसऱ्याचा ‘घेणे’. तुम्हाला मात्र दोन्ही वेळा ‘ब्रात’च ऐकू येतं! घाबरू नका, कान ठीक आहेत. असं का होतं, हे निकोलाय त्रुबेत्स्कॉय यांनी सांगून ठेवलंय.

जन्म १८९०, मॉस्को. घराणं सरदारांचं, वडील प्राध्यापक. आपण दहावीच्या टेन्शनमध्ये असतो त्या पंधराव्या वर्षी यांचा पहिला संशोधन लेख छापून आला. पुढे मॉस्को विद्यापीठात ते चक्क संस्कृत शिकवू लागले. मग १९१७ची क्रांती झाली आणि देश सुटला. सोफियामार्गे १९२२मध्ये ते व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्यांचं म्हणणं असं, की परकी भाषा आपण मातृभाषेच्या चाळणीतून ऐकतो. आपल्या भाषेत ज्या फरकाने अर्थ बदलत नाही, तो फरक गळून जातो. रशियनमध्ये बहुतेक व्यंजनांच्या कठोर-मृदू जोड्या असतात (आपल्या व्याकरणातलं क-ग वालं कठोर-मृदू नव्हे हं). मृदू ‘त’ म्हणताना जिभेचा मधला भाग ‘इ’सारखा टाळूकडे उचलायचा, तोही ‘त’ म्हणतानाच. मागाहून ‘य’ जोडलात की फसलात! ‘घेणे’मधला ‘त’ असा मृदू आहे, ‘भाऊ’मधला कठोर.

अवघड वाटतंय? मग ‘जरा थांब’मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ मोठ्याने म्हणून बघा. अक्षर एकच, उच्चार दोन. आपल्याला सहज कळतं. मराठी शिकणारा नवखा मात्र गोंधळतो.

त्रुबेत्स्कॉय यांनी वंशवादाविरुद्धही लिहिलं. मार्च १९३८मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतला. गेस्टापोने त्यांच्या घराची झडती घेऊन कागदपत्रं नेली. आधीच हृदयविकार होता. जूनमध्ये ते गेले. वय फक्त ४८. ध्वनिविचारावरचा मोठा ग्रंथ अपुराच राहिला. प्रागमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९३९मध्ये तसाच छापला.

माणसाची किंमत रक्तावर ठरवणाऱ्यांच्या काळात हा माणूस चाळणीबद्दल लिहीत होता. ती कुणाच्या रक्तात नसते, लहानपणापासून ऐकून ऐकून घडते. म्हणजे आणखी ऐकून ती बदलताही येते. तेव्हा उद्या क्लासमध्ये आधी डोळे मिटून नुसतं ओळखा, भाऊ की घेणे? जीभ कानाच्या मागोमाग येईल.