कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

आमच्या विद्यार्थिनी आज विज्ञानाच्या वर्गांत निःशंकपणें बसतात. १९३३ सालीं तसें नव्हतें. मुंबई विश्वविद्यालयांत पहिल्या आलेल्या कमला भागवत ह्यांस बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत सर रामन ह्यांनीं केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारिला. बाईंनीं सत्याग्रह मांडला. तेव्हां वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर तो मिळाला. ही अट आम्हांस अन्यायाचीच वाटते. पुढें त्यांचें काम पाहून रामन ह्यांचें मत पालटलें व मुलींस संस्थेचें द्वार उघडलें.

केंब्रिज येथें बटाट्यावर प्रयोग करितां त्यांस 'सायटोक्रोम सी' हें द्रव्य आढळलें. पेशींच्या श्वसनांत तें इलेक्ट्रॉन पुढें पोंचवितें. अवघ्या ४० पृष्ठांच्या प्रबंधावर १९३९ सालीं त्यांस पीएच.डी. मिळाली. विवाहोत्तर मुंबईस राहून त्यांनीं नीरेंतील पोषक द्रव्यें तपासलीं. गरिबांच्या मुलांस तें पेय परवडण्याजोगें होतें. १९९८ सालीं त्या निवर्तल्या.