टीपकागदावरचे रंग

साताऱ्याच्या शाखेत कारकून असतानाची गोष्ट. टीपकागदावर काळ्या शाईचा थेंब पडला, त्याला चहाच्या बशीतलं पाणी लागलं आणि बघता बघता काळ्यातून निळा, जांभळा असे रंग फुटले. या गमतीचं शास्त्र करणारा माणूस मला भेटला तो थेट निवृत्तीनंतर, पुस्तकांत.

मिखाईल त्स्वेत. रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग! जन्म १८७२ चा, इटलीतल्या आस्ती गावचा. वडील रशियन, आई इटालियन. ती त्याच्या जन्मानंतर लवकरच गेली. १८९६ साली जिनिव्हात डॉक्टरेट मिळवून गडी रशियात गेला, तर तिथे ती पदवी कुणी मानीना. बिचाऱ्याने १९०१ साली काझानला दुसरी पदवी घेतली. हे वाचताना मी जरा चपापलोच. सांगलीच्या शाखेत अधिकारी असताना एका दाखल्यापायी मी एका हुशार तरुणाचा कर्जाचा अर्ज परत पाठवला होता. नियमाने बरोबर होतं; पण त्याचा चेहरा अजून आठवतो.

पुढे वॉर्सात त्स्वेतने काचेच्या नळीत खडूची भुकटी ठासली आणि पानांचा अर्क पेट्रोलियमपासून काढलेल्या हलक्या द्रावकाबरोबर वरून सोडला. हिरव्या अर्काचे हिरवे-पिवळे पट्टे वेगळे झाले. १९०६ साली त्याने या रीतीला क्रोमॅटोग्राफी नाव दिलं. बड्या रसायनतज्ज्ञांनी नाकं मुरडली. महायुद्धात वॉर्सा सुटलं, गावोगाव फिरणं नशिबी आलं, आणि १९१९ साली व्हरोनेझला तो गेला, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. १९३१ साली हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेने त्याची नळी पुन्हा हाती घेतली.

गंमत पाहा, ज्या पेट्रोलियमच्या द्रावकाने त्याने पानांचे रंग उतरवले, तेच पेट्रोलियम पुढे त्याच्या रीतीने वेगळं होऊ लागलं. तेलाचा अंश सिलिका जेलच्या नळीतून सोडला की साधे घटक आधी निसटतात. थायोफिनच्या कुळातली, कडी असलेली गंधकाची संयुगं मागे रेंगाळतात. पण त्यांच्याबरोबर बेंझीनच्या जातीचे घटकही रेंगाळतात! मग सिलिकाला पॅलेडियम क्लोराइडचा लेप देतात, तेव्हा कुठे गंधकवाले धरले जातात. त्यांना रंग नसल्यामुळे पट्टे दिसत नाहीत. उपकरणं लावावी लागतात. कारखान्यात गंधक काढतात हायड्रोजनने. पण कुठलं संयुग त्यालाही दाद देत नाही, हे ही नळीच सांगते. २०२० च्या एप्रिलपासून आपल्या पेट्रोल-डिझेलमध्ये दहा लाखांत दहा भागांहून अधिक गंधक चालत नाही.