काँग्रेसवाल्या ह्यूम साहेबांनी नाव दिलेला पक्षी ११३ वर्षांनी शहाद्यात सापडला

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. शाळेच्या पुस्तकात हे नाव एका ओळीपुरतं येतं, काँग्रेसच्या स्थापनेसाठी. पण याच माणसाला पक्षी गोळा करायचं जबरदस्त वेड होतं.

१८२९ साली जन्मलेले ह्यूम १८४९ मध्ये नोकरीसाठी भारतात आले. उत्तर प्रदेशातल्या इटाव्यात असताना १८५७ च्या उठावात त्यांचा पक्ष्यांचा पहिला संग्रह गेला. गड्यानं परत शून्यातून सुरुवात केली. देशभरातले अधिकारी त्यांना पेंढा भरलेले पक्षी पाठवू लागले. १८७२ साली त्यांनी पक्ष्यांवरचं नियतकालिकही काढलं.

त्याच काळात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्यानं आजच्या छत्तीसगडमधून एक लहानसं घुबड पाठवलं. दिसायला आपल्या पिंगळ्यासारखंच. पण पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, याच्या डोक्यावर जवळपास नव्हतेच. १८७३ मध्ये ह्यूम यांनी ही वेगळी जात असल्याचं जाहीर केलं आणि तिला ब्लेविटचं नाव दिलं. हाच रानपिंगळा.

पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसननं शहादा-तळोदा भागातून आणखी काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला.

ह्यूम यांच्यासाठीही तो काळ वाईटच होता. सरकारशी खटके उडून त्यांची पदावनती झाली, १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या पुस्तकाची हस्तलिखितं नोकरानं शिमल्याच्या बाजारात रद्दीत विकली. अखेर १८८५ मध्ये त्यांनी सुमारे ८२,००० पक्षी आणि अंडी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत काँग्रेस उभी राहिली. १९१२ साली ह्यूम वारले.

गोष्ट इथं संपत नाही.

रिचर्ड मायनर्टझागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं आपण १९१४ मध्ये गुजरातच्या मांडवीत रानपिंगळा मारल्याचा दावा केला होता. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी जगभरातल्या म्युझियममधले सातही नमुने तपासले. मायनर्टझागेनच्या पक्ष्यात भरण्याची पद्धत थेट डेव्हिडसनची निघाली. म्हणजे साहेबानं म्युझियममधलाच पक्षी चोरून त्यावर खोटं लेबल लावलं होतं!

मग मांडवीचा नाद सोडून जुन्या खऱ्या लेबलांवरच्या जागा शोधायचं ठरलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांचे सहकारी आधी छत्तीसगड-ओडिशाकडे फिरले, तिथं काही मिळालं नाही. शेवटी सातपुड्याच्या पायथ्याला, नाशिक विभागातल्या शहाद्याजवळ, एका झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. जिवंत.

नंतर तो मेळघाटात आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही सापडला. पण तो आजही संकटग्रस्त आहे, कारण त्याला लागणारं सागाचं विरळ जंगल कमी होत चाललंय.

पेटीत पडलेला मेलेला पक्षी काय कामाचा, असं कुणालाही वाटेल. पण या पक्ष्याचा पत्ता शंभर वर्षं त्या पेटीतल्या लेबलांनीच जपून ठेवला होता.