रक्तपेढीपलीकडचे डॉ. ड्रू

डॉ. चार्ल्स ड्रू यांचे नाव निघाले की रक्तपेढी आठवते. ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टन येथे जन्मलेल्या या कृष्णवर्णीय शल्यविशारदांनी रक्तसाठवणुकीवरील प्रबंधासाठी १९४० मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी युद्धग्रस्त ब्रिटनला रक्तद्रव पुरविण्याच्या मोहिमेची वैद्यकीय सूत्रे त्यांच्याकडे आली. मात्र अमेरिकन सैन्यासाठीच्या रक्तसंकलनात कृष्णवर्णीयांचे रक्त आधी नाकारले गेले आणि पुढे वेगळे ठेवले गेले. या भेदाला शास्त्राचा आधार नाही, हे ड्रू यांनी उघडपणे मांडले.

१९४१ मध्ये ते हॉवर्ड विद्यापीठात शल्यविभागाचे प्रमुख झाले. त्या काळी बहुतेक रुग्णालयांत कृष्णवर्णीय तरुणांना शल्यचिकित्सेच्या प्रशिक्षणाची दारे बंद होती. ड्रू यांनी विद्यार्थ्यांसाठी सवलत मागितली नाही; देशातील कठोरातल्या कठोर कसोटीची तयारी करून घेतली. १९४१ ते १९५० या काळात अमेरिकन शल्यचिकित्सा मंडळाचे प्रमाणपत्र मिळविणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या हाताखाली घडले. स्वतः ड्रू यांना मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक संघटनेचे सभासदत्व कधीच लाभले नाही. तिची स्थानिक शाखा कृष्णवर्णीयांना प्रवेश देत नसे.

१ एप्रिल १९५० रोजी टस्कीगी येथील वैद्यकीय शिबिरास जाताना नॉर्थ कॅरोलिनात मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे ४५. गोऱ्यांच्या रुग्णालयाने रक्त नाकारल्याने ते दगावले, ही दंतकथा होय. तेथील डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली होती. दंतकथेने त्यांना केवळ बळी ठरविले. त्यांचे खरे स्मारक मात्र त्यांनी घडविलेले शल्यविशारदच होते.