टाकळीच्या दगडातील पाणी

अंधेरी पश्चिमेला गावदेवीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना आपण ६१ मीटर उंचीच्या एका दगडी सुळक्यावर चढत असतो, याची मला अगदी अलीकडेपर्यंत कल्पना नव्हती. गिल्बर्ट हिलचा हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याविषयी वाचता वाचता मी नागपूरच्या एका मिशनऱ्याच्या चरित्रापाशी येऊन थांबलो. हिस्लॉप कॉलेज आपल्याला ऐकून ठाऊक असते. ज्यांचे नाव त्याला दिले गेले त्या स्टीफन हिस्लॉप यांची ही हकीगत.

स्कॉटलंडमधील डन्स गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस उतरले व पुढच्या वर्षी नागपुरास पोहोचले. तेथे तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. ते धर्मप्रसारासाठी आले होते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु मराठी शिकून त्यांनी १८४६ मध्ये शाळा काढली, गोंडांची भाषा व गाणी टिपून घेतली आणि फावल्या वेळी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह ते आसपासचे दगड फोडू लागले.

नागपूरजवळ टाकळी येथे लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा खडक त्यांना सापडला. एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये पुष्कळ काळ जाई. सखल जागी पाणी साचे, त्यात जीव नांदत. त्या खडकात शंखशिंपल्यांबरोबर राईच्या दाण्याहूनही लहान अशी दुपाकी कवचे होती. हे ऑस्ट्राकोड, दिसायला शिंपले, पण कुळ कोळंबी-खेकड्यांचे. वाढताना हा जीव अनेकदा कात टाकतो, म्हणून चिमूटभर गाळातही त्याची पुष्कळ कवचे मिळतात. गोड्या पाण्यातील कवचे बहुधा पातळ व गुळगुळीत, तर समुद्रातील पुष्कळशी जाड व नक्षीदार असतात. त्यामुळे पाणी आटून कोट्यवधी वर्षे लोटली तरी ते गोडे होते की खारे, हे ओळखता येते. टाकळीचे पाणी गोडे ठरले.

१८६० साली हिस्लॉप यांचा या थरांवरील निबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात आला. कवचांचे वर्णन रूपर्ट जोन्स यांनी केले. आपल्या मुंबईच्या खडकांतील अशाच कवचांची नोंद डॉ. कार्टर यांनी १८५२ मध्येच केली होती.

हिस्लॉप यांनी हे थर तृतीय युगातील मानले. आज ते डायनोसॉर नाहीसे झाले त्या काळाच्या आगेमागे ठेवले जातात. म्हणजे वयाचा अंदाज चुकला, पण पाण्याची पारख टिकली. २००९ साली छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील अशाच थरांत सागरी सूक्ष्मजीव व मचूळ पाण्यातील ऑस्ट्राकोड आढळल्याचे प्रसिद्ध झाले. आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या त्या भागात एके काळी समुद्राचा फाटा शिरला असावा, असा तर्क त्यावरून मांडण्यात आला. गोडे आणि खारे यांतला भेद या राईएवढ्या साक्षीदारांमुळेच कळतो.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहावयास गेले होते. परतताना रात्री पावसाने फुगलेला ओढा घोड्यावरून ओलांडू लागले आणि बुडाले. घोडा तेवढा रिकामा परतला. सेहेचाळीस पुरी व्हायला चार दिवस उरले होते. गोंडांविषयीचे त्यांचे कागद तसेच राहिले; रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये संपादून छापले.

कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या तळ्याचे पाणी ज्यांनी ओळखले, त्यांना एका रात्रीच्या ओढ्याचे पाणी उमगले नाही, याची हळहळ मला हे वाचल्यापासून लागून राहिली आहे. आता गावदेवीला जातो तेव्हा पायऱ्या चढण्यापूर्वी मी त्या काळ्या कातळाला हात लावून पाहतो. आपणही एकदा पाहावा.