खानदेशचे साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने १८९९ सालीं कोंकणांत पालगड येथें जन्मले व १९२४ सालीं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले. त्यांचें खरें अध्यापन वसतिगृहांत चाले. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, कपडे धूत. छडीवर भिस्त ठेवणाऱ्या आम्हां शिक्षकांस हें लाजविणारें आहे. १९३० सालीं सत्याग्रहासाठीं नोकरी सोडून त्यांनीं फिरस्ती पत्करली. मुक्ताईनगराहून फार दूर नसलेल्या फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनासाठीं ते खेडोपाडीं हिंडले. पंढरपूरचें मंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून महाराष्ट्र पालथा घालून १९४७ च्या मे महिन्यांत त्यांनीं दहा दिवस उपोषण केलें, आणि तें फळास आलें. मन विदीर्ण झालेल्या गुरुजींनीं ११ जून १९५० रोजीं स्वतःच जीवन संपविलें. मिस्सांत त्यांचें स्मरण करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.